टर्बोच्या गाडीचं पाणी

आई, तू गेल्यावर मी एक गाडी घेतली. पांढरी, डिझेलची, टर्बो असलेली. घेतली तेव्हाच ती दुसऱ्याची वापरलेली होती, आता चौदा वर्षांची झाली आहे. टर्बो म्हणजे काय हे तुला समजावून सांगायला मला फार वेळ लागला नसता. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या गरम धुराच्या जोरावर एक छोटी चक्री फिरते आणि ती इंजिनात जास्तीची हवा कोंबते. तू कामाला होतीस त्या सिलतऱ्याच्या लोखंडाच्या प्लांटमध्ये भट्टीच्या वाया जाणाऱ्या आगीवर बॉयलर चालायचा, तसंच काहीसं. त्या चक्रीमुळं ही गाडी चढावर मागून कोणीतरी ढकलावी तशी पळते, आणि त्या चक्रीमुळंच रायपूरच्या मे महिन्यात ती लवकर तापते. तुझ्याशी बोलायचं तर तुझ्याच बोलीत बोलायला हवं, मले-तुले करत. पण लेखणी हातात घेतली की शाळेतली भाषा येते, तेवढं चालवून घे. या गाडीपायी वर्षभरात जे झालं ते मला कोणाला तरी क्रमानं सांगायचं आहे, आणि क्रमानं ऐकून घेणारी घरात तूच एक होतीस.

बाबा दोन वर्षांपूर्वी न्हाणीघरात पडले. खुब्याचं हाड मोडलं. मावशीच्या ओळखीचा डॉक्टर नागपूरला, म्हणून ऑपरेशन तिथं केलं आणि तेव्हापासून दर सहा महिन्यांनी दाखवायला जावं लागतं. जन्मभर रेल्वेच्या ऑफिसात बसलेल्या माणसाला आता रेल्वेच्या डब्याची पायरी चढवत नाही. म्हणून नागपूरला या गाडीनंच न्यायचं. पुढची सीट मागं सरकवून पाय लांब केले की ते तीनशे किलोमीटर बसू शकतात, डुलकीसुद्धा काढतात.

गेल्या वर्षी एप्रिलमध्ये नागपूरहून परत येत होतो. दुपारची वेळ, ऊन अंगावर येत होतं. देवरीच्या पुढं चढावर ट्रकांच्या रांगेमागं अडकलो आणि डॅशबोर्डवरचा काटा वर सरकायला लागला. मला कोणीतरी सांगून ठेवलं होतं की गाडी तापली तर एसी बंद करायचा आणि हीटर पूर्ण सोडायचा, म्हणजे इंजिनाची गरमी आत ओढली जाते. मी तसं केलं. आई, बाहेर चव्वेचाळीस आणि आत मी अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या माणसाच्या पायांवर इंजिनाची झळ सोडून राहिले होते. माझे डोळे काट्यावर. बाबा दाराची मूठ धरून समोर बघत राहिले. मी विचारलं, बरं वाटतं ना? ते होकार देत म्हणाले, "हव." थोड्या वेळानं पुन्हा विचारलं. तेव्हा उत्तर आलं नाही.

एका ढाब्यासमोर गाडी लावली. ढाब्यावरच्या बाईनं आणि मी मिळून त्यांना खाटेवर आडवं केलं. तिनंच ओला गमछा त्यांच्या डोक्यावर टाकला, तळपायांवर पाणी ओतलं, अंगावर पंखा लावला. मी नुसती उभी. बऱ्याच वेळानं बाबांनी डोळे उघडले. पहिलं वाक्य काय बोलले असतील? "गाडी थंडी झाली का?"

ते मी विसरू शकत नाही. दादाला पुण्याला फोन करून सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. तो चिडला नाही, हे जास्त लागलं. म्हणाला, विकून टाक, बाबांना न्यायचं असेल तेव्हा मी इथून टॅक्सी बुक करत जाईन, नवी कोरी. बाबांनाही चालणार होतं. सगळं शहाणपणाचं होतं आणि मी नाही म्हणाले. गाडीवर जीव होता म्हणून नाही, निदान तेवढ्यासाठी नाही. ज्या बिघाडानं मी बाबांना त्या खाटेवर नेऊन निजवलं, तो बिघाड मला माहीतच नव्हता. गाडी विकली असती तर तो कधीच कळला नसता, आणि मी स्वतःला जन्मभर उन्हाळ्याचं कारण सांगत राहिले असते. दादाला एवढंच सांगितलं, कारण सापडेपर्यंत बाबा या गाडीत बसणार नाहीत. ऑक्टोबरची फेरी टॅक्सीनं झाली. तो शब्द मी पाळला.

पहिल्या मिस्त्रीनं थर्मोस्टॅट काढून टाकला. थर्मोस्टॅट म्हणजे इंजिनाचं पाणी किती तापल्यावर रेडिएटरकडं सोडायचं ते ठरवणारी झडप. "दीदी, इधर की गर्मी में इसका क्या काम," असं म्हणाला आणि झडप डब्यात टाकली. त्यानंतर गाडी सकाळी धूर सोडायची, डिझेल जास्त प्यायची आणि दुपारी तरीही तापायचीच. दुसऱ्यानं पंखा बदलला. तिसऱ्यानं हात वर केले, पुरानी टर्बो है, ऐसे ही चलेगी. तिघांपैकी कोणीही काही मोजलं नव्हतं.

तेव्हा मला तुझं रजिस्टर आठवलं. मला नोकरी लागली तेव्हा तू मला जाड पुठ्ठ्याचं, रकाने आखलेलं रजिस्टर दिलं होतंस. मैत्रिणींना आयांनी कानातले दिले, साड्या दिल्या. मी तोंड पाडून बसले, आणि तू म्हणालीस, "कामाचं हाय. लागन तुले." इतकी वर्षं ते कपाटात कोरं पडून होतं. हे पत्रही त्याच्याच मागच्या पानांवर लिहून राहिले.

आणि रजिस्टरसोबत तो रविवार आठवला. मी नववीत असेन. बाबा गावाला गेले होते, घरी कोणी नव्हतं, म्हणून तू मला ड्यूटीवर सोबत नेलंस, सिलतऱ्याला. बसमधून उतरेपर्यंत माझ्या पांढऱ्या ओढणीवर काळी भुकटी बसलेली. तुझी लॅब म्हणजे एक लांब ओटा, काचेच्या नळ्या आणि खिडकीपलीकडं बॉयलर. तू चंबूत बॉयलरचं पाणी घेतेस, त्यात एक औषध टाकतेस, पाणी लालसर जांभळं होतं. मग वरच्या नळीतून थेंब थेंब सोडतेस, चंबूकडं बोट करून मला म्हणतेस, पाह्य आता. आणि एका थेंबात सगळं पाणी निळं. किती थेंब लागले त्यावरून पाण्यात किती क्षार आहेत ते कळतं, असं तू सांगतेस आणि आकडा लिहितेस. तेवढ्यात शिफ्टचे साहेब येतात, धिप्पाड माणूस. आकडा बघून म्हणतात, कमी लिहा, आज बॉयलर थांबवता येणार नाही. मी ओट्याआड सरकते. तू आवाज चढवत नाहीस. रजिस्टर त्यांच्याकडं फिरवतेस, पेन पुढं करतेस. "तुम्ही लिहा ना साहेब. अन् खाली सही करा." साहेब पेनकडं बघतात, तुझ्याकडं बघतात आणि निघून जातात. थोड्या वेळानं खिडकीपलीकडं बॉयलरमधलं खारट पाणी सोडून दिल्याची वाफ उठते.

मी रकाने आखले. वेळ, बाहेरचं तापमान, एसी चालू की बंद, वेग, रस्ता कुठला, इंजिनाचं पाणी किती. डॅशबोर्डचा काटा फसवा असतो, बराच वेळ मध्यावर बसून राहतो आणि मग एकदम उडी मारतो. पण डॅशबोर्डखाली लावायचं एक छोटं यंत्र मिळतं, त्यानं पाण्याचं खरं तापमान मोबाइलवर दिसतं. या मार्चपासून मी रोज लिहीत गेले. तेलीबांध्याच्या सिग्नलला, नवा रायपूरला ऑफिसला जाता-येता, रविवारी दुपारी मुद्दाम सिलतऱ्याच्या रस्त्यानं. ऑफिसातल्या बायका विचारायच्या, दीदी, गाड़ी की डायरी लिख रहे हो क्या? मी हो म्हणायचे.

महिन्याभरात एक गोष्ट दिसली. सिग्नलला उभी असताना पाणी थोडं वर चढायचं आणि तिथंच थांबायचं. मोकळ्या रस्त्यावर ऐंशीच्या वर नेली, एसी सुरू ठेवला, की ते चढतच जायचं, शंभर, एकशे चार, एकशे सहा. हे उलटं होतं. पळत्या गाडीला वारा लागतो, तिनं थंड व्हायला हवं. याचा अर्थ समोरून येणारा वारा रेडिएटरपर्यंत पोचतच नव्हता. मी त्या ओळीखाली रेघ मारली. त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं, हे मला सापडणार.

पंडरीच्या पुढं एक म्हातारे मिस्त्री आहेत, फक्त रेडिएटरचं काम करतात. आधी बोलायलाच तयार नव्हते. मी रजिस्टर पुढं ठेवलं. त्यांनी चष्मा लावला, दोन पानं बोट फिरवत वाचली, मग समोरचा बंपर खोलायला घेतला. गाडीच्या तोंडाशी एकामागं एक तीन जाळ्या असतात, एक एसीची, एक टर्बोची हवा थंड करणारी, आणि सगळ्यात मागं रेडिएटर. बाहेरून तिन्ही स्वच्छ दिसायच्या, तिघा मिस्त्रींनी बाहेरूनच बघितल्या होत्या. यांनी त्या एकमेकींपासून सोडवल्या आणि मधून एक काळा थर हातात धरून उचलला. सतरंजीचा तुकडा असावा तसा. टर्बोच्या पाइपाचा एक जोड सैल होता, त्यातून तेलाचा बारीक फवारा वर्षानुवर्षं उडत होता, आणि त्या चिकट तेलावर सिलतऱ्याची भुकटी बसत गेली होती. तीच भुकटी, आई, जी तू संध्याकाळी घरात शिरण्याआधी अंगणात पदर झटकून काढायचीस.

मग त्यांनी रेडिएटरचं पाणी काढलं. ते पाणी मळकट, आणि नळ्यांच्या तोंडाशी पांढरी खपली. त्यांनी विचारलं, पानी कौन सा डालते थे? मी म्हणाले, पहिल्या मालकानं काय घातलं असेल काय माहीत. त्यांनी मान हलवली आणि कामाला लागले.

मी खोटं बोलले होते. तीन उन्हाळे मीच ऑफिसच्या बागेतल्या नळाचं पाणी भरत होते, बोअरचं. गाडीत पाणी कमी झालं की बाटली भरायची आणि ओतायची, कोण दुकानात जाऊन योग्य ते आणणार! तिथं स्टुलावर बसल्या बसल्या मला आपलं स्वयंपाकघर दिसायला लागलं. आपल्या पाऱ्यात, सगळ्या मोहल्ल्यात, बोअरचंच पाणी, आणि आंघोळीचं पाणी तापवायचं आपलं पातेलं आतून पांढरं झालेलं. तू दर महिन्याला त्यात चिंच उकळून ते खरवडायचीस. अकरावीच्या उन्हाळ्यात इन्व्हर्टरची बॅटरी बसली, तेव्हा तू मला स्वयंपाकघराच्या ओट्याशी उभं केलं होतंस. बॅटरीत घालायला तू आणलेलं पाणी संपलं होतं आणि मी नळाचं घातलं होतं. तू विचारलंस, मी म्हणाले, तूच आणलेलं घातलं. तू ते पातेलं माझ्या हातात दिलंस आणि आत बोट फिरवायला सांगितलंस. रागावून नाही बोललीस. "पाणी चुकलं तं बदलता येते. पण कोणतं घातलं तेच नाई सांगतलं, तं म्या काय बदलू?" मी दोन दिवस तुझ्याशी बोलले नव्हते.

मी उठले, कोपऱ्यावर जाऊन चहा घेतला, परत आले आणि मिस्त्रींना खरं सांगितलं. तीन वर्षं, बोअरचं, मीच. त्यांचे हात थांबले. मला वाटलं, हसतील. ते म्हणाले, "अच्छा किया बता दिया। फिर तो इंजन के अंदर भी जमा होगा। सिर्फ रेडिएटर बदलता तो महीने भर में नया वाला भी चोक हो जाता।" मग त्यांनी औषध घालून इंजिन आतून तीन दिवस धुतलं, रोज पाणी काढून मला दाखवलं. पहिल्या दिवशी ताकासारखं, तिसऱ्या दिवशी नितळ. पाइपाचा जोड आवळला, रेडिएटरची जाळी नवी टाकली, थर्मोस्टॅट नवा बसवला, आणि बाटलीतलं शुद्ध पाणी व कूलंट मोजून भरलं. मी बाजूला उभी राहून प्रत्येक बाटली रजिस्टरमध्ये लिहिली.

तरी मी बाबांना लगेच बसवलं नाही. तीन वेगवेगळ्या दुपारी एकटी सिलतऱ्याच्या रस्त्यावर गेले, ट्रेलरांमागं, एसी पूर्ण सोडून. चौऱ्याण्णव, पंच्याण्णव, शहाण्णव, आणि तिथंच थांबलं. तिसऱ्या दुपारी दादाला आकड्यांचा फोटो पाठवला. त्याचं उत्तर आलं, "तू मानणार नाहीसच. सांभाळून जा."

गेल्या आठवड्यात गेलो. पहाटे निघालो, ऊन चढायच्या आत नागपूर गाठलं, डॉक्टरांनी हाड नीट जुळल्याचं सांगितलं, मावशीकडं मुक्काम केला. दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर निघायचं ठरलं होतं, पण मावशीनं जेवल्याशिवाय सोडलं नाही, आणि भर दुपारी आम्ही पुन्हा त्याच चढावर होतो. रस्त्याचं काम चालू, एकच बाजू सुरू, समोर लोखंडाच्या सळ्या भरलेला ट्रेलर. मी आधीच ठरवलं होतं, काही झालं तरी एसी बंद करायचा नाही. आकडा एकशे चारला गेला तर आधी बाबांना सावलीत, पंख्याखाली न्यायचं, मग गाडीचं काय ते बघायचं. मोबाइल डॅशबोर्डवर समोर लावलेला. सत्त्याण्णव. नव्व्याण्णव. ट्रेलरचा गरम धूर थेट तोंडावर येत होता, म्हणून मी त्याच्यात आणि आमच्यात अंतर सोडलं. मागचे हॉर्न वाजवत राहिले, वाजवू दिले. शंभर. एकशे एक. तिथं तो आकडा किती वेळ उभा राहिला, मला सांगता येणार नाही. मग चढ संपला, वारा लागला, आणि तो एकेक करून खाली आला. पंच्याण्णववर आला तेव्हा मला माझे खांदे दुखत असल्याचं कळलं. आत मात्र गार होतं. बाबांनी शाल पांघरली होती.

घरी पोचलो. बाबांना धरून उतरवलं. ते अंगणात काठी टेकून उभे राहिले, बॉनेटवर हात ठेवला. म्हणाले, "आज हिनं काई तरास देल्ला नाई." दादाला मी तेवढंच वाक्य कळवलं. त्यानं टॅक्सीचा विषय पुन्हा काढलेला नाही, आणि पुढची फेरीही मीच नेणार आहे.

पण त्यानंतर पायरी चढताना बाबा आणखी एक बोलले. "तुझ्या आईचं ते म्या कोणालेच सांगतलं नोतं. दादालेही नाई. आज तुले सांगतलं, बरं वाटलं."

आई, त्या सगळ्या चढावर बाबा बोलत होते. मला आवाज येत होता. तुझं नाव घेतल्याचं आठवतं, मध्ये कधीतरी "तिनं मले हात धरून खाली बसवलं" असं म्हणाले, आणि शेवटी, "म्हणून म्या मंग कधी इचारलं नाई." मधलं काहीच माझ्यापाशी नाही. मी आकड्याकडं बघत होते आणि दर थोड्या वेळानं हव, हव म्हणत होते. त्यांना वाटतं, मी सगळं ऐकलं. आठवडा झाला, ते माझ्याशी जरा मोकळेपणानं बोलतात, चहा पिताना तुझा विषय निघाला की ओळखीचं हसतात, आता आपल्या दोघांत काही आहे असं. पुन्हा सांगा म्हणायचं रोज ठरवते आणि रोज त्यांचं ते हसणं बघून गप्प बसते. हे पान त्यांच्या हाती लागू नये म्हणून उद्यापासून रजिस्टर ऑफिसच्या कपाटात राहील. मी हव म्हणाले, आई. कशाला म्हणाले, ते मला माहीत नाही.